करकोचा उतरतो कुठे?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव आणि सोयाबीनचा भाव यावर बोलून झाले. आता पाखरांवर बोलायला उभे राहिलो म्हणजे मागच्या रांगेतली काही मंडळी तंबाखू मळायला बाहेर सरकणार, हे आम्हाला दिसतेच आहे. जाणाऱ्यांनी जावे. पण हा विषयही शेताचाच आहे. ज्यांना तसे वाटत नाही, त्यांनी पंधरा मिनिटे कळ काढावी.

गावोगावच्या बैठकांत आम्ही एक प्रश्न विचारतो. गेल्या हिवाळ्यात तुमच्या शिवारावरून करकोच्यांची माळ गेली का? म्हातारी माणसे लगेच मान डोलावतात. दिवाळी झाली की आभाळात कुर्रकुर्र ऐकू यायचे, मग ज्वारीच्या शेतात पाखरे उतरायची, आणि आम्ही डबडे वाजवत धावायचो, असे ते सांगतात. तिशीच्या आतली पोरे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कुठल्या पाखराविषयी बोलणे चालले आहे, तेच त्यांना उमगत नाही. उंच पायांचा, लांब चोचीचा जो दिसेल तो बगळा, एवढाच त्यांचा हिशेब.

तेव्हा आधी ओळख करून घेऊ. आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली. तिथे पक्षी आला तो उपद्रवी किडींच्या पाठोपाठ, आणि तोही पोपट, चिमणी, कावळा एवढाच. त्यामुळे आम्हीही हे शिकलो ते बांधावर उभे राहूनच.

नावांचा घोळ मोठा आहे. आपल्याकडे करकोचा हे नाव दोन वेगळ्या घराण्यांना लावतात. चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, पांढऱ्या मानेचा करकोचा, ही बलाकांची मंडळी एका घराण्यातली. ज्वारीत उतरणारा कांड्या करकोचा आणि धानाच्या बांधीतला सारस हे दुसऱ्या, म्हणजे क्रौंचाच्या घराण्यातले. बगळे तिसरेच. हे वेगळे करायला दुर्बीण लागत नाही, पुस्तकही लागत नाही. पाखरू झाडावर बसले असेल तर तो क्रौंच नव्हे. क्रौंचाचे मागचे बोट आखूड आणि वर चढलेले असते, त्याला आपल्याकडची ही क्रौंच पाखरे फांदी धरू शकत नाहीत. त्यांची रात्र जमिनीवर किंवा उथळ पाण्यात उभ्यानेच जाते. उडताना मान दुमडून खांद्यात घेतली असेल तर तो बगळा. मान पुढे सरळ आणि पाय मागे सरळ असतील, तर बलाक किंवा क्रौंच. मग कान द्या. बलाकाला जवळजवळ आवाज नाही, तो चोच वाजवतो. क्रौंच मैलभरावरून ऐकू येतो, कारण त्याची श्वासनलिका लांब असते आणि छातीच्या हाडापर्यंत वळसा घेऊन जाते. तुतारीची नळी वाकवलेली असते, तसाच प्रकार.

आपल्या कोरडवाहू मुलखातला पाहुणा म्हणजे कांड्या करकोचा. उंची तीन फुटांच्या आसपास, वजन दोन-तीन किलो. अंग राखाडी, तोंड आणि मान काळी, छातीवरची काळी पिसे खाली लोंबतात, आणि लाल डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा झुपका मागे जातो. एकदा पाहिला की विसरत नाही. हा मंगोलिया-कझाकस्तानकडच्या गवताळ मुलखात अंडी घालतो, नेपाळातल्या काली गंडकीच्या खोऱ्यासारख्या वाटांनी हिमालय ओलांडतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. फाल्गुनाच्या सुमारास परत निघतो. त्याच्या थव्यात कधी कधी साधा क्रौंच असतो. तो उंच आणि जाडजूड, आणि त्याच्या काळ्या मानेच्या बाजूने पांढरा पट्टा. सारस या दोघांहून पुष्कळ मोठा, उभा राहिला की सहा फुटांपर्यंत जातो. उडणाऱ्या पाखरांत जगात याच्याएवढे उंच दुसरे नाही. डोके आणि मानेचा वरचा भाग लाल, बाकी राखाडी. सारस परदेशी जात नाही, बारा महिने इथेच राहतो, आणि नेहमी जोडीने. वाल्मीकीच्या गोष्टीतली जोडी याचीच असावी, असे अनेक जाणकार मानतात. चौथा एक होता, सायबेरियाचा पांढरा क्रौंच. तो भरतपूरला यायचा. २००२ च्या हिवाळ्यानंतर तो तिथे आला नाही.

बघायचे कसे? करकोच्याचा दिवस ठरलेला असतो. रात्री उथळ पाण्यात उभा राहतो. दिवस उगवला की शेतात चरायला जातो. दहा-अकराच्या सुमारास पाणी प्यायला परततो, तिथेच दुपार काढतो, आणि उन्हे उतरली की पुन्हा शेतात. म्हणून मोजणी करायची तर सकाळी पाण्यावरून उठताना किंवा दुपारच्या आधी पाण्यावर परतताना. शेतात विखुरलेला थवा मोजता येत नाही, निम्मी पाखरे मान खाली घालून धाटांत दिसेनाशी झालेली असतात. पायी जाल तर दोन-तीनशे पावलांवरूनच उठेल. बैलगाडीतून जा, खुशाल चरत राहील. बैलगाडी त्याला शेताचाच भाग वाटते. जीपगाडीतून भिंगे घेऊन येणाऱ्या शहरी मंडळींपेक्षा या कामात तुमचा हात वरचा आहे तो एवढ्यासाठीच.

आता हा उथळ पाण्याचा मुद्दा नीट समजून घ्या, पाखरू टिकते की जाते ते इथे ठरते. त्याला घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे पाणी लागते, काठ हळूहळू उतरता लागतो आणि चहूबाजूंनी नजर मोकळी लागते, म्हणजे कोल्हा-कुत्रा दुरून दिसेल. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीवर आपल्याच माणसांनी खडी फोडून, माती वाहून जे पाझर तलाव बांधले, त्यांचा काठ नेमका असा असतो. मार्गशीर्ष-पौषात पाणी मागे सरकते आणि ओल्या गाळाची रुंद पट्टी उघडी पडते. करकोचा तिथेच उतरतो. शेजारी शराटी, चमचा, चक्रवाक येऊन बसतात. गेल्या काही वर्षांत सरकारी अनुदानावर शेततळी निघाली. उभ्या भिंतींची, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेली. पिकाला पाणी म्हणून त्यांचा उपयोग आहे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. पण त्यात करकोच्याला पाय टेकायला जागा नाही. पाखरू काय, पाणी प्यायला गेलेले जनावरसुद्धा घसरून आत जाते आणि वर येत नाही. तेव्हा जिल्ह्याच्या कागदावर जलसाठे वाढले असे लिहिलेले असले, तरी करकोच्याच्या हिशेबात ते वाढलेले नाहीत.

आणि पाण्याच्या जोडीला दाणा लागतो. काढणीनंतर शेतात सांडलेली ज्वारी, हरभरा, भुईमुगाच्या राहिलेल्या शेंगा, यांवर त्याचा हिवाळा निघतो. विदर्भात खरीप ज्वारीचे रान सोयाबीनने खाल्ले. का खाल्ले, हे तुम्हाला सांगायला नको. ज्वारीला भाव नाही, राखणीला माणूस नाही, वरून डुकरे. शेतकऱ्याने ज्वारी हौसेने सोडली नाही, ती परवडली नाही म्हणून सोडली. कापसाच्या शेतात करकोच्याला खायला काय आहे? सरकी काही तो खात नाही. म्हणून म्हातारी माणसे जेव्हा म्हणतात की पाखरे कमी झाली, तेव्हा पहिला प्रश्न असा विचारायचा, की तुमच्या शिवारात ज्वारी किती उरली? कुठे कुठे पाखरे खरोखर कमी झाली असतील, आणि कुठे ती फक्त दुसरीकडे उतरत असतील. नोंद असल्याशिवाय यातले खरे काय ते कळणार नाही. नोंद आपल्याकडे नाही.

दुसरीकडे म्हणजे कुठे? पैठणला नाथसागराच्या काठी जा. गोदावरीवरचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. पाण्याचा पसारा मोठा, पण तळ उथळ. हजारो शेतकऱ्यांची काळी जमीन त्याखाली गेली. पाणी उतरले की त्याच जमिनीवर गाळपेर होते, हरभरा, ज्वारी, गहू. त्यावर रोहित, पट्टकदंब, करकोचे येतात. १९८६ साली ते पक्षी अभयारण्य जाहीर झाले. पाखरे मुळात आली ती धरण आणि गाळपेर यांच्यामुळे. अभयारण्याची पाटी नंतर लागली. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरचे तेच. तिथला बंधारा शेतीसाठी बांधला, त्यात गाळ साचला, दलदल झाली, पाखरे आली, आणि २०२० साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा ठरली.

याहून जुनी गोष्ट गोंदिया-भंडाऱ्याची. तिथले तलाव कोहळी शेतकऱ्यांनी आणि मालगुजारांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. लहान असले तर बोडी. तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि त्या बांध्यांत सारस. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो याच पट्ट्यात, आणि वैनगंगेपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ते बरेच झाले. पण त्याबरोबर तलावही सरकारजमा झाले. गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी बांधायची, पाटाचे पाणी कोणाला किती, हे जे गाव आपसात ठरवत होते, ते मोडले आणि त्या जागी अर्जफाटे आले. तलाव गाळाने भरले, बेशरम माजली. सारसाची जागा गेली ती शिकाऱ्यामुळे जितकी, तितकीच या बेवारशीपणामुळे, असे आमचे मत आहे.

या शतकाच्या सुरुवातीला गोंदियात सारस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. पुढे आकडा तीस-चाळीसच्या घरात आला. हे झाले ते तिथल्या तरुण कार्यकर्त्यांनी आणि धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून घरटी राखली म्हणून. सारस घरटे करतो ते पाणी भरलेल्या बांधीत किंवा बोडीच्या काठी, गवत आणि धाटांचा ढीग रचून. अंडी बहुधा दोन. महिन्याहून थोडे जास्त नर-मादी आळीपाळीने बसतात. पिलू उडायला लागायला पुढे तीन महिने. म्हणजे धान कापणीला आले तरी पिलू अजून पायीच. कुत्री त्याला गाठतात, कापणीच्या गडबडीत ते वाट चुकते. ज्या शेतकऱ्याने तेवढा कोपरा दोन आठवडे उभा ठेवला, त्याच्या शेतातून पिलू उडाले. सरळ हिशेब आहे. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सरकारी यंत्रणा हलली. चांगलेच झाले. पण न्यायालयात जो आकडा जातो, तो उन्हाळ्यात पहाटे उठून तलावाच्या काठी बसणाऱ्या माणसांनी मोजलेला असतो.

आता खर्चाकडे येऊ. पाखरू सगळ्या जगाला हवे, आणि दाणे मात्र आमच्या शेतातले, हा व्यवहार चालणार नाही. नुकताच उगवलेला हरभरा तीन-चारशे करकोच्यांनी एका सकाळी उचलला, तर ज्याचे शेत आहे त्याला पाखरांचे कौतुक कसे सुचावे? दुसरीकडच्या लोकांनी यावर काय केले ते बघण्यासारखे आहे. इस्रायल म्हटले की आपल्याला ठिबक आठवते. तिथे हुला नावाचे खोरे आहे. १९५० च्या दशकात तिथले तळे आणि दलदल शेतीसाठी उपसून कोरडी केली. दहा-वीस वर्षांत ती काळी कुजकट माती सुकून खचली, आतून धुमसू लागली, धूळ होऊन उडू लागली. शेवटी १९९४ साली काही भागात पुन्हा पाणी सोडले. क्रौंच आले, आणि वाढत वाढत हिवाळ्यात काही दहा हजारांवर गेले. भुईमूग, हरभरा, गहू, सगळ्यांवर धाड. तेव्हा शेतकरी, सरकार आणि पक्षीवाले यांनी मिळून वर्गणी काढली, आणि एका ठरलेल्या रानात ट्रॅक्टरने मका पसरायला सुरुवात केली, म्हणजे पाखरे तिथे चरतील आणि बाकीची शेते सुटतील. खर्च एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारला नाही, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. पण पुढचेही सांगितले पाहिजे. एका जागी एवढी पाखरे गोळा झाली, आणि २०२१ च्या डिसेंबरात बर्ड फ्लू आला. पाच हजारांहून जास्त क्रौंच त्या एका खोऱ्यात मेले.

आपल्या राजस्थानात खीचन गावच्या लोकांनी वर्षानुवर्षे चुग्गाघरात धान्य टाकून कांड्या करकोचे जोपासले. हजारोंनी येतात. २०२५ साली खीचनला रामसरचा दर्जा मिळाला. त्या गावाला आमचा नमस्कार. पण आपल्याकडे तसे करा असे आम्ही सांगणार नाही. आपल्याकडे तेवढे दातेही नाहीत, आणि एका अंगणात सगळी पाखरे असू नयेत हे हुलाने दाखवले आहे. दहा गावांत विखुरलेली ज्वारी बरी. ज्या शेतकऱ्याने घरट्यासाठी कोपरा राखला, किंवा तलावाच्या कडेला चार एकर ज्वारी उशिरापर्यंत उभी ठेवली, त्याच्या हातात पैसा हंगामाआधी पडला पाहिजे, ठरलेल्या दराने आणि ग्रामसभेसमोर. नासधूस झाल्यावर पंचनाम्यासाठी खेटे घालायला लावायचे, ही मदत नव्हे.

पण आपल्या हातात जे आहे, त्यासाठी कोणाच्या पैशाची वाट बघायची नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी भरतपूरला सारस मरून पडू लागले. तपासात निघाले आल्ड्रिन. आजूबाजूच्या शेतांत वाळवीसाठी गव्हाच्या बियाण्याला ते लावत. पुढे आल्ड्रिनवर देशात बंदी आली, पण बीजप्रक्रियेची औषधे काही संपली नाहीत. रब्बी ज्वारी आणि हरभऱ्याची पेरणी, आणि करकोच्याचे उतरणे, यांची वेळ एकच आहे. पेरलेल्या दाण्यापेक्षा धोका सांडलेल्या दाण्याचा. तिफण वळवताना धुऱ्यावर जे गुलाबी, लाल रंगाचे बी सांडते, ते पायाने मातीआड करा. उरलेले बियाणे उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा. आणि डुकरांसाठी म्हणून दाण्याला विष चोळून बांधावर ठेवण्याचा जो प्रकार चालतो, तो बंद करा. त्याने डूक मरेल की नाही सांगता येत नाही, पण करकोचा, मोर आणि शेजाऱ्याची शेळी नक्की मरते. विषाचे आपल्याला कोणी सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करता करता आपलीच माणसे गेली.

दुसरी गोष्ट तारांची. मोठे पाखरू जड असते, त्याला झटकन वळता येत नाही. पहाटेच्या धुक्यात ते तारेवर आदळते. गोंदियात सारस असे मेले आहेत. तलाव आणि शेत यांच्यामधून जाणारी वीजवाहिनी कोणती, तिच्या तारा कुठे लोंबतात, हे गावाला ठाऊक असते. वीज कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. लोंबती तार पाखराआधी बैलाला आणि माणसालाही लागते, त्यामुळे या अर्जाला नाही म्हणणे त्यांना अवघड जाते.

एक सावधगिरी. जखमी पाखरू सापडले तर त्याच दिवशी वनविभागाला कळवा, आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. उत्तर प्रदेशात अमेठीकडे एका गावकऱ्याने २०२२ साली पाय मोडलेला सारस बरा केला. तो सारस त्याच्या मोटारसायकलमागे उडत जायचा. सगळ्या देशाने ते पाहिले. २०२३ साली वनखात्याने पाखरू नेले, ते शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेले, आणि त्या माणसाच्या हाती नोटीस आली. १९७२ च्या कायद्याने रानपाखरू घरी ठेवता येत नाही, हे खरे. पण ज्याने जीव वाचवला त्याच्याशी कसे वागायचे, हे कायद्यात लिहिलेले नसते. म्हणून कागद आपल्या बाजूने आधी तयार असावा.

तीच गोष्ट मोजणीची. उद्या कोणी येऊन म्हणाला की हा तलाव पाखरांचा, इथे गाळपेर बंद, तर आपल्याकडे दहा वर्षांची वही हवी, की पाखरे गाळपेरीतच चरतात. आणि उद्या कोणी येऊन म्हणाला की इथे पाखरे येतच नाहीत, तलावात भर घालून भूखंड पाडा, तरी हीच वही लागेल.

वहीत लिहायचे थोडे. तारीख, वेळ, शिवाराचे नाव, कोणते पाखरू, किती, कोणत्या पिकात उभे होते, कोणत्या दिशेला गेले. थवा मोठा असेल तर आधी दहा मोजा, त्या दहांची लांबी नजरेत धरा, आणि तेवढे किती भाग पडतात ते बघा. ओळख पटली नाही तर नाव लिहू नका, रंग आणि उंची लिहा, मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. पाखरू आले नाही, तरी 'आले नाही' असे लिहा, ती रिकामी ओळही कामाची आहे. पाखराजवळ जाऊन फोटो काढण्याची हौस नको, थवा उठला की त्याची निम्मी सकाळ फुकट जाते. प्रत्येक गावातून एक म्हातारा आणि दोन पोरे द्या. म्हाताऱ्याला पाखरू ओळखता येते, पोरांना आकडा लिहिता येतो. बायकांनाही यात घ्या. कापूस वेचायला पहाटेच रानात त्या असतात, आणि माळ गेली की पहिल्यांदा वर बघतात त्याच.

सुरुवात कोजागिरीनंतरच्या पहिल्या रविवारी करू, आणि होळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक सकाळ. वह्या बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या गावात पाझर तलाव आहे त्यांनी आधी घ्याव्यात, उरतील त्या बाकीच्यांना.